रायरांची दोन ताटं

कुठलीही चपटी वस्तू हाती आली की रायर ती आधी उजेडापुढे धरायचे. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडून तिची जाडी अजमावायचे आणि शेवटी, वस्तू कोणाची आहे याची जराही पर्वा न करता, विचारायचे, "हें मधें घालून पाहूं का?"

मधें म्हणजे दोन पितळी ताटांच्या मध्ये. त्या ताटांचं पुढे सांगतेच. आधी एवढंच सांगते की या प्रश्नातून कोणी सुटलं नाही. लग्नाच्या पत्रिका सुटल्या नाहीत, पोस्टमनच्या हातातली पाकिटं सुटली नाहीत. एकदा माझ्या यजमानांचा खोकला हटेना, म्हणून छातीचा एक्स-रे काढून आम्ही घरी येत होतो, तर जिन्यात रायर भेटले. त्यांनी फिल्म मागून घेतली, खिडकीपुढे धरली आणि बराच वेळ पाहत राहिले. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"बेष आहे," रायर म्हणाले.

"म्हणजे छाती साफ आहे?" मी विचारलं.

"छातीचें डाक्टराला विचारा, अक्का. फिल्म बेष आहे. हें मधें घालून पाहूं का?"

मी मूळची सांगलीची. यजमानांची बदली कुंभकोणमला झाली आणि मागोमाग मला तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी मिळाली. रायर त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि आम्ही राहायचो त्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आलेल्या आणि तिथेच मुरलेल्या घराण्यांपैकी ते. तमिळ शेजारी अशा मराठी माणसाला रायर म्हणतात, म्हणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना रायरच म्हणत. त्यांचं खरं नाव मी पगारपत्रकावर एकदा वाचलं तेव्हा मला चुकीच्या माणसाचं वाटलं.

बाहेर ते तमिळ बोलत, घरात आणि माझ्याशी मराठी. त्यांचं मराठी ऐकून मला एखादी जुनी सनद बोलायला लागल्यासारखं वाटायचं. माझं ऐकून त्यांना काय वाटायचं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. "तुमच्या मराठींत इंग्रजी फार, अक्का. आमच्यांत तमिळ फार. मग शुद्ध कोणाचें, सांगा." मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी त्यांनी मला अक्काच म्हटलं. मी त्यांना काका म्हणायला लागले. भांडण मिटलं नाही, पण एकमेकांना हाक काय मारायची ते ठरलं.

आता ताटं. कपॅसिटर म्हणजे काय, हे तुम्ही शाळेत शिकून विसरला असाल, तसं ते सगळेच विसरतात. धातूचे दोन पत्रे समोरासमोर ठेवायचे, एकमेकांना न चिकटता. त्यांच्यावर विजेचा भार साठवता येतो. तुमच्या पंख्यात एक डबी असते, तिच्या पोटात हेच असतं. गंमत अशी की किती साठेल ते नुसत्या पत्र्यांवर ठरत नाही, मध्ये काय आहे त्यावरही ठरतं. नुसती हवा असेल तर बेताचं. मेणकागद घातला तर दुपटीहून जास्त. अभ्रक घातलं तर पाच-सहा पट. मधला पदार्थ स्वतः वीज वाहून नेत नाही, तरी त्याच्या असण्यानं सगळा हिशेब बदलतो. पुस्तकात हे एका ओळीचं सूत्र आहे. रायरांचा त्या एका ओळीवर तीस वर्षांचा संसार होता.

प्रयोगशाळेतलं विकतचं उपकरण फार पूर्वी मोडलं होतं. नव्याची वाट पाहण्यापेक्षा रायर एके दिवशी नाचियारकोविलच्या बसमध्ये बसले आणि समया घडवणाऱ्या एका कारागिराकडून दोन गोल पितळी पत्रे करून घेऊन आले. नुसता सपाट, गुळगुळीत पत्रा हवा, हे त्यांनी कारागिराला चारचारदा बजावलं होतं. पण समया घडवणाऱ्याचा हात तो. एवढं पितळ असं उघडंबोडकं द्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं एकाच्या पाठीवर समईवरचा हंस कोरून दिला.

"पाठीस आहे म्हणून चाललें," रायर सांगायचे. "पोटास कोरला असता तर परत घडवायला लावलें असतें."

खालचं ताट टेबलावर टेकलेलं आणि वरचं, म्हणजे हंसाचं, त्याच्यावर तीन लाकडी पायांवर उभं असे. ते पाय स्वामिमलैच्या मूर्तिकारांकडून आणलेल्या मेणात उकळून काढलेले. लाकूड ओल धरतं आणि ओलीतून वीज निसटते. मेण मुरलं की ओल आत शिरत नाही. प्रयोगाआधी तासभर रायर ते पाय बल्बच्या उबेला शेकत बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पायांत वारा भरला आहे."

ताटाला एक काचेची बाटली जोडलेली असे आणि तिच्यात सोन्याच्या वर्खाची दोन पानं लोंबत. ताटावर भार दिला की पानं एकमेकांपासून दूर फाकत. आता ताटांच्या मध्ये अभ्रक सरकवलं की पानं अर्धीअधिक खाली येत. नवी मुलं दरवर्षी ओरडायची, "सर, पोच्चु!" म्हणजे गेलं. रायर याच क्षणासाठी जगत असावेत. ते अभ्रक हळूच बाहेर काढायचे आणि पानं पुन्हा होती तितकीच वर उठायची.

"गेलें नाहीं," ते मुलांना तमिळमध्ये आणि मला मराठीत सांगायचे. "अभ्रकानें नुसतें सांभाळलें होतें. काढलें, परत दिलें. जो परत देतो तो बेष. जो देत नाहीं तो चोर."

या एका कसोटीवर त्यांनी सगळं कुंभकोणम तपासून घेतलं होतं. काच बेष. वाळलेला ताडपत्राचा तुकडा बेष. पापड उन्हाळ्यात बेष, पावसाळ्यात चोर. केळीचं ओलं पान चोर. आणि ज्याच्यावर गावाचा एवढा अभिमान, ते कुंभकोणमचं कोवळं विड्याचं पान अट्टल चोर. ते मध्ये घातलं आणि दोन्ही ताटांना टेकलं की सोन्याची पानं धपकन मिटायची आणि काढल्यावर तशीच मिटलेली राहायची. "पाणी फार पोटांत," रायर तुच्छतेनं म्हणायचे आणि ते पान चुना लावून खाऊन टाकायचे. पुरावा शिल्लक ठेवायचे नाहीत.

त्यांच्या विद्येचा घरात उपयोग व्हावा, अशी काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, एकदाच इच्छा झाली. स्वयंपाकघरातला पंखा फिरेना. दुकानातून नवी डबी आणायची तर रायरांनी स्वतः कपॅसिटर वळायला घेतला. डबे गुंडाळायचा चंदेरी कागद, त्यावर मेणकागद, परत चंदेरी, परत मेण, अशी ती गुंडाळी विडा वळतात तशी वळत वळत वरवंट्याएवढी झाली. पंखा फिरला, हे मला कबूल केलं पाहिजे. चार दिवस फिरला. पण कागद सगळीकडे सारखा वाळला नव्हता; आत थोडी थोडी वीज वाया जात होती आणि तिची ऊब होत होती. पाचव्या दिवशी वरून मेण ठिबकलं ते थेट सांबारात. काकूंनी तो वरवंटा उतरवून घेतला आणि मला हाक मारली. "पाहा अक्का, तुमचें फिजिक्स. जेवायला या."

सांबार आम्ही सगळ्यांनी खाल्लं. रायर म्हणाले, मेण शुद्ध आहे.

इथपर्यंत मी हसत हसत लिहिलं. पुढचंही तसंच लिहायचा विचार आहे, पण त्यात माझी एक गोष्ट येते.

रायरांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं. विभागप्रमुखांना जुने, हातानं बनवलेले प्रयोग काढून सगळीकडे तयार, बंद डब्यांचे संच आणायचे होते. बटण दाबा, आकडा वाचा. रायरांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रमुखांपुढे तोंड उघडलं आणि एकच मागणं मागितलं. समितीसमोर ताटांचा प्रयोग करून दाखवू द्या. त्यांना पटला तर ठेवा, नाही तर काढा. प्रमुख हो म्हणाले. आपल्यामागे ती ताटं मुलांसमोर राहावीत, एवढंच रायरांना हवं होतं. त्या महिन्यात त्यांनी अभ्रकाचा तुकडा भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवला होता, कोरडा राहावा म्हणून. मी चेष्टा केली, की काका, मुलीच्या लग्नाला तरी इतकी तयारी केली होती का? ते म्हणाले, "लग्नाला पाऊस आला तर मांडव होता."

माझीही गरज त्याच समितीशी बांधलेली होती. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि त्या तीन माणसांचा शेरा त्यासाठी लागणार होता.

समिती येण्याआधी दोन दिवस आयुधपूजा होती. त्या दिवशी तिकडे बसपासून विळीपर्यंत सगळ्या हत्यारा-यंत्रांना चंदन-कुंकू लागतं. प्रयोगशाळेची पूजा दरवर्षी रायरच करायचे. त्यांचं चंदन, त्यांची सहाण, आणि त्यांचा एक नियम. त्या वर्षी मरुदानल्लूरला भजनाला जायची त्यांच्या घरची पाळी आली आणि पूजा त्यांनी माझ्यावर सोपवली. जाताना दारातून पुन्हा मागे आले. "ताटाच्या पाठीस लावा, अक्का. हंसाला लावा. पायाला नोको."

मी हो हो म्हटलं. सहाण त्यांच्या कपाटात कुलूपबंद राहिली होती, म्हणून मी घरून हळद-कुंकू नेलं. हंसाला लावलं. मग मला ते तीन पाय दिसले. आता काय सांगू? आमच्याकडे पूजा म्हटली की पाय आधी. एवढ्या भाविक माणसाची ताटं, परवा त्यांची एवढी परीक्षा, आणि पायांना काहीच नाही, हे मला कसंसंच वाटलं. 'नोको' म्हणणारा माणूस संकोचानं म्हणाला असेल, असं मी ठरवून टाकलं. ओल्या फडक्यानं मी ते पाय पुसले आणि प्रत्येकावर वरून खालपर्यंत ओल्या हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू. मी फिजिक्समध्ये डॉक्टरेट केली आहे. विजेला वरून खाली उतरायला मी तीन जिने बांधून दिले आणि नमस्कार करून घरी आले.

समितीच्या दिवशी हवा दमट होती, पाऊस दाराशी आला होता. रायर मरुदानल्लूरहून थेट कॉलेजात आले, बस उशिरा पोचली, पाय शेकायलाही वेळ मिळाला नाही. तिघं पाहुणे समोर उभे होते, प्रमुख होते, मी होते. रायरांनी काकूंच्या लग्नातल्या रेशमी साडीच्या तुकड्यानं काचेची कांडी घासली, ताटाला लावली. सोन्याची पानं फाकली आणि लगेच मिटू लागली. अभ्रक घालायच्याही आधी मिटली. त्यांनी परत घासली. परत मिटली. तिसऱ्यांदाही तेच झालं.

मग ते वाकले. मीही तिकडेच पाहत होते. पायांवर पिवळे पट्टे होते. रायरांनी खिशातला रुमाल काढला, पाहुण्यांच्या आणि ताटाच्या मध्ये आपली पाठ घातली आणि ते पट्टे पुसून टाकले. पण पायांवरचं मेण जिथे झिजलं होतं तिथून ओलीनं हळद लाकडात मुरायला लागली होती, पुसून एवढ्यात काम होणार नव्हतं. ते सरळ झाले, रुमाल खिशात घातला आणि पाहुण्यांना तमिळमध्ये म्हणाले, "वयसाच्चु, अय्या. वय झालं याचं, आणि माझंही."

पाहुणे हसले. एकानं वहीत काहीतरी लिहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. चूक माझी, म्हणायला दोन शब्द पुरे होते. मी उघडलं नाही. नोकरीची भीती वाटली म्हणून उघडलं नाही, हे मी आता सरळच सांगते. रायर मात्र बाहेर जाताना मला म्हणाले, "अक्का, पाऊस येतो. वर कापडें वाळत आहेत तुमचीं."

माझी नोकरी कायम झाली. ताटं अडगळीत गेली.

बंद डब्यांचे संच आले तेव्हा पहिल्याच दिवशी रायरांनी एकाचे स्क्रू काढून आत पाहिलं. प्रमुख ओरडले. रायरांना ते ऐकूच आलं नाही. आत हुलग्याएवढे दोन दाणे होते, तारांचे पाय असलेले. "अय्यो," ते म्हणाले, "मधें काय आहे तें मुलाला दिसणार कसें?" ते वर्ष सरलं आणि रायर निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि हार झाल्यावर त्यांनी प्रमुखांकडे ती ताटं मागितली. भंगारात जायचीच होती, मिळाली.

त्यानंतर दर आयुधपूजेला ते मला खाली बोलवायचे. ओसरीवर ताटं मांडलेली असत, चंदन उगाळून तयार. वाटी माझ्या हातात द्यायचे आणि न चुकता म्हणायचे, "पाठीस. पायाला नोको." डोळे अगदी भाबडे. काकू आत हसायच्या असं मला वाटायचं, पण मी म्हणायचे, भास असेल. अशी पाच वर्षं मी त्या म्हाताऱ्यासमोर चंदनाची वाटी घेऊन बसले आणि पाच वर्षं घाम पुसला.

सहाव्या वर्षी मला सहन झालं नाही. त्यांनी वाटी पुढे केली आणि मी ती घेतलीच नाही. "काका, तेव्हा पायांना मी लावलं होतं. तुम्ही नको म्हणाला होता तरी लावलं. आणि त्या दिवशी गप्प बसले."

"मला ठाऊक आहे," रायर म्हणाले.

"कसं?"

"माझें चंदन पिवळें जर्द नसतें, अक्का. त्या लॅबांत हळद-कुंकू लावणाऱ्या सांगलीच्या बायका किती होत्या?"

मला रडू आलं आणि रागही आला. "मग पाच वर्षं हे नाटक कशाला? तेव्हाच का नाही सांगितलंत? माझ्यापायी तुमची ताटं गेली."

"तेव्हां सांगट्लें असतें तर तुमची नोकरी गेली असती. ताटें कोठ गेलीं? हीं काय, माझ्या घरीं." मग ते म्हणाले, "पण मुलांना दाखवायचें होतें. तें राहिलें. त्याचें वाईट वाटलें, खोटें कशाला बोलूं. रागही आला होता तुमचा. दोन महिने."

मला तर एक दिवसही कळलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे त्यांच्या घरची पुरणपोळीही आली होती.

त्यांनी ताट माझ्याकडे वळवलं आणि एका पायावर नख ठेवलं. लाकडावर वरून खाली एक फिकट पिवळी रेघ होती, पण वर गुळगुळीत काचेसारखा थर. घरी आणल्यावर त्यांनी ते पाय पुन्हा मेणात उकळले होते.

"आधी तासून का नाही काढली?" मी विचारलं.

"तासली असती तर पाय बारीक झाला असता," रायर म्हणाले. "राहूं दे. आतां ती भिजणार नाहीं." आणि वाटी माझ्या हातात दिली.

रायर गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. काकू मुलीकडे कोइंबतूरला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ताटं, अभ्रकाचा तुकडा आणि ती रेशमाची चिंधी एका जुन्या पंचात बांधून वर आणून दिली. "घरीं ठेवूं नका," त्या म्हणाल्या. "कालेजांत न्या."

आता विभागप्रमुख मीच आहे, त्यामुळे न्यायला कोणाची परवानगी लागली नाही. बंद डबे त्यांच्या जागी आहेत, परीक्षा त्यांच्यावरच होते. पण आयुधपूजेनंतरच्या पहिल्या तासाला मी पहिल्या वर्षाच्या मुलांना टेबलाभोवती उभं करते. हंसाला चंदन लागलेलं असतं, पाय बल्बच्या उबेला तासभर शेकलेले असतात. यंदा मी भार दिला, पानं फाकली. मध्ये अभ्रक सरकवलं, पानं खाली आली. मागून एक मुलगी ओरडली, "मॅडम, पोच्चु!"

मी पुढे वाकले. अभ्रकाची कड धरून तो तुकडा हळूहळू बाहेर ओढला. मेण मुरलेल्या तीन पायांवर, माझ्या पिवळ्या रेघांसकट, ताट स्थिर उभं होतं, आणि बाटलीतली दोन्ही पानं होती तितकीच वर उठली.